धुतलेली राख

आमच्या चर्चच्या मंडळीत मास्तरांविषयी दोन गोष्टी सांगतात. एक, ते राखेच्या बुधवारची राख पाण्याने धुवायचे. दोन, एका वर्षी ती धुवायला विसरले आणि अकरा जणांची कपाळं भाजली. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी खोटी. ती खोटी आहे हे सात वर्षं फक्त मला माहीत होतं.

मास्तर शाळेतले नव्हेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात ते डाईंग मास्तर होते. रिटायर झाल्यावर कल्याणला एका खोलीत एकटे राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. नखांच्या कडेला एक निळसर रेघ होती, ती शेवटपर्यंत गेली नाही. चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचे आणि शेजारी जो येईल त्याची बाही दोन बोटांत धरून बघायचे. "पहिल्या धुण्यात जाईल," असं हळूच सांगायचे. एकदा त्यांनी हे नवऱ्या मुलाच्या आईला सांगितलं, लग्नविधी चालू असताना, तिच्या जांभळ्या शालूबद्दल. बाई दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शालूचा रंग गेला हे त्यांनी तिसऱ्या वर्षी कबूल केलं.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपासकाळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. पाळकसाहेब अंगठ्याने प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात, माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेले पानांचे छोटे क्रूस लोक वर्षभर घरी ठेवतात, कॅलेंडरच्या मागे, लाइटच्या मीटरवर, बायबलात, आणि उपासकाळ जवळ आला की चर्चमध्ये परत आणून देतात.

आम्हा मेथॉडिस्टांत कपाळाला राख लावायची पद्धत आधी नव्हती. निदान आमच्या मंडळीत नव्हती. एका पाळकसाहेबांनी ती आणली तेव्हा जुन्या लोकांनी कुरकुर केली, आणि सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा.

"पाळकसाहेब, पश्चात्ताप मनात करायचा असतो. कपाळावर पाटी कशाला?"

"मग तुम्ही मनात लावा, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी मास्तर स्वतःच त्यांच्याकडे गेले. "राख कोण करणार आहे? कच्ची लावू नका लोकांना. पोतं माझ्याकडे द्या." आधी विरोध करायचा आणि मग ते काम अंगावर घ्यायचं, ही त्यांची रीतच होती.

त्यांनी ते काम कारखान्यातल्यासारखं केलं. आधी क्रूस निवडायचे. कोणी सेलोटेप लावलेली, कोणी टाचणी टोचलेली. ते सगळं काढून झावळ्या लोखंडी घमेल्यात जाळायच्या. राख मलमलीतून गाळायची. मग पातेल्यात पाणी घालून ढवळायची, रात्रभर बसू द्यायची, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि लिटमसचा कागद बुडवून बघायचा. कागद निळा झाला की म्हणायचे, "अजून आहे." असं सात दिवस. दररोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली. शेवटी सावलीत वाळवून, खोबरेल तेलाचे थेंब घालून कॉफीच्या काचेच्या बरणीत भरायची.

खाडीपलीकडच्या गावातून आम्हाला क्रूसांसाठी शिंदीच्या फांद्या आणून देणारा एक आगरी म्हातारा होता. तो हे बघून एकदा म्हणाला, "मास्तर, जालाचं तं मंग धुवाचं कला?"

"राखेत खार असतो," मास्तर म्हणाले. "माझी आई याच पाण्यात गोधड्या भिजवायची. गोधडी स्वच्छ व्हायची आणि तिच्या हाताची सालं जायची. राख ओली झाली की चावते."

हे ते दरवर्षी सांगायचे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी ते दरवर्षी ऐकत होतो आणि दरवर्षी हसत होतो. "काय मास्तर, झाली का राखेची आंघोळ?" हा माझाच विनोद. तो मंडळीत चालू झाला तोही माझ्यामुळे.

मला मास्तर आवडायचे, असं इथे लिहिलं तर बरं दिसेल. तेव्हा ते खरं नव्हतं. मी मंडळीचा सेक्रेटरी, डोंबिवलीला राहायचो, ठाण्याच्या ऑफिसातून थेट कल्याणला चर्चच्या कामाला यायचो, सगळ्यांच्या मिनतवाऱ्या करायचो, आणि हे गृहस्थ माझी चूक काढायला बसलेले. चूक नसायची असंही नाही. तेच जास्त लागायचं.

उपासकाळात आमच्यातले लोक काही ना काही सोडतात. कोणी मटण, कोणी चहा, तरुण मुलं मोबाइलवरचं काहीतरी. एका वर्षी मास्तरांनी जाहीर केलं, "यंदा मी बरोबर असणं सोडलंय. चाळीस दिवस कुणाची चूक काढणार नाही."

त्या चाळीस दिवसांत त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची. तिथे एकाने यहेज्केल संदेष्ट्याला मोशेचा भाऊ केलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. यजमानीण म्हणाली, काळ्या पँटला मीठ लावलं की रंग पक्का होतो. मास्तर उठून पाणी प्यायला गेले. आम्हाला वाटलं, माणूस सुधारला.

ईस्टरच्या पहाटेची उपासना झाली, बाहेर चहा-बटाटेवडे चालले होते, आणि मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "चला, उपास सुटला." चाळीस दिवसांत कोण कोण काय काय चुकलं, सगळं लिहून ठेवलेलं. एकेकाला बोलावून सांगितलं. माझा नंबर तिसरा. "सेक्रेटरी, तिसऱ्या शुक्रवारचा पत्ता तू चुकीचा सांगितलास. आपली सात माणसं दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये गेली. तिथे बारसं होतं. जेवून आली बिचारी." सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसणं मी बरेच दिवस मनात धरून ठेवलं, आणि पुढे जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे असं मला आता दिसतं.

कपाळं भाजली त्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारी मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. बरणी तयार होती. "बुधवारी डॉक्टर गर्दीत जायला नको म्हणतात," ते म्हणाले. "नीट ने. कपाटात ठेव, वरच्या फळीवर नको." मी ती नेली आणि वरच्याच फळीवर ठेवली.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता उपासना. मी सव्वासहाला चर्चच्या मागच्या खोलीत कपाटातून उपासकाळाची जांभळी वस्त्रं काढत होतो. वस्त्र ओढलं, त्याच्याबरोबर बरणी आली आणि फरशीवर फुटली. राखेत काचेचा चुरा मिसळला. ती कपाळाला लावता येणार नव्हती.

तेव्हा मास्तरांना फोन करायला हवा होता. फोन माझ्या हातात होता. ते काय म्हणाले असते हे मला माहीत होतं: आज राख लावू नका. आणि त्याच्या आधी: वरच्या फळीवर नको म्हटलं होतं ना. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. मी फोन केला नाही.

कोपऱ्यात पोत्यात थोडे क्रूस उरले होते. उशिरा आणून दिलेले. मी ते चर्चच्या मागे घमेल्यात जाळले. गाळायला वेळ नव्हता. तेल नव्हतं. राख बोटाला चिकटेना म्हणून नळाचं पाणी घातलं आणि चमच्याने कालवली. वाटीत काढली तेव्हा ती कोमट होती. मी हात धुतले, वाटी पाळकसाहेबांच्या पुढे ठेवली आणि माझ्या जागी जाऊन बसलो.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की राख लगेच पुसू नका, घरी जाईपर्यंत राहू द्या. पुष्कळांनी झोपेपर्यंत ठेवली. माझं कपाळ रिक्षातच चुरचुरायला लागलं. मी रुमाल भिजवून पुसून टाकलं. दुसऱ्या कुणालाही मी फोन केला नाही.

गुरुवारी सकाळपासून माझा फोन वाजत राहिला. लाल वळ, कुणाला फोड, एका म्हाताऱ्यांची कातडी निघालेली. पाळकसाहेबांचा अंगठा सोलला होता. सगळ्यात जास्त लागलं ते रूथला. ती आमच्या मंडळीतल्या एका नर्सबाईंची मुलगी, सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा तोंडावर. तिच्या कपाळावर मधोमध क्रूसाचा आडवा दांडा उमटला होता आणि तो काळा पडत चालला होता.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. पाळकसाहेबांनी अंगठ्याला पट्टी बांधलेली. त्यांनी मला विचारलं, "राख मास्तरांचीच ना?"

मी म्हणालो, "गेल्या रविवारी मी त्यांच्या घरूनच बरणी आणली होती."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते किती तरी वेळा तपासून पाहिलं आहे.

"डोळ्याचं ऑपरेशन झालेलं," कोणीतरी म्हणालं. "धुवायचं राहिलं असेल."

"वय झालं हो."

"रंगात जन्म गेला आणि शेवटी राखेने घात केला," आणखी कोणी म्हणालं, आणि दोघेतिघे हसले.

मास्तरांना सांगायला मलाच पाठवलं. सेक्रेटरी म्हणून. ते खुर्चीत पट्टी लावून बसले होते. मी सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उरलेली राख आहे?"

"फेकली."

"कागद बुडवून बघितला असता." मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, एका डोळ्याने जवळून पाहिलं. सात फुल्या होत्या. बोटाने एकेक मोजली. मला वाटलं, आता हे म्हणणार, मी धुतली होती, काहीतरी दुसरं झालंय. आणि ते म्हणाले असते तर मी तिथेच बोललो असतो, असं मी स्वतःला पुढे पुष्कळदा सांगितलं. पण ते म्हणाले, "फुली मारली असणार आणि धुतली नसणार. मला तर धुतल्याचं आठवतंय. म्हणजे आठवतंय त्याच्यावरही भरवसा नाही."

पाणी प्यालो आणि उठलो.

निघताना त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे स्कूटर आहे ना? मला त्या सगळ्यांच्या घरी जायचंय."

अकरा घरं झाली. उपासकाळाच्या चार शनिवारी मिळून. मी त्यांना मागे बसवून नेत होतो. ते ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून बसायचे. प्रत्येक दारात ते एकच बोलायचे: "माझ्या चुकीने तुम्हाला लागलं. माफी मागायला आलोय." मी जिन्यात हेल्मेट धरून उभा राहायचो. कोणी आत बोलावलं तर म्हणायचो, नको, गाडी नीट लावलेली नाही.

एका रिटायर्ड रेल्वे गार्डने त्यांना मिठी मारली. "मास्तर, ब्रह्मदेवाने कपाळावर लिहिलेलं पुसता येत नाही म्हणतात. तुम्ही तर सालासकट काढलंत!" मास्तर हसले नाहीत. एरवी हसले असते.

रूथच्या घरी नर्सबाई दारातच उभ्या राहिल्या. "मास्तर, तुम्ही आयुष्यभर केमिकलमध्ये काम केलंत. तुम्हाला कळू नये? पोरीचं तोंड आहे ते."

"कळायला हवं होतं, बाई."

"डाग राहील असं स्किनवाले डॉक्टर म्हणतात."

मास्तर उभे होते. हात जोडलेले नव्हते, नुसते खाली सोडलेले. आतून रूथ आली. हातात फिजिक्सचं पुस्तक. "मम्मी, बस कर ना. अंकल, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी केस पुढे कापून घेईन. आजकाल फॅशन आहे." तिने त्यांना पाणी आणून दिलं. मी अर्ध्या जिन्यात होतो. तिने मलाही विचारलं, "अंकल, पाणी?" मी नको म्हणालो.

लोकांनी मास्तरांना माफ केलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे सगळं विसरलोही असतो. पण मास्तरांनी स्वतःला दुसऱ्या एका बाबतीत कधीच माफ केलं नाही. त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. ते जिना उतरून परत चढायचे, कुलूप ओढून बघायचे, पुन्हा उतरायचे, पुन्हा चढायचे. वाचन करायला पाळकसाहेबांनी बोलावलं तर म्हणायचे, "नको, मी भलतंच वाचीन." कुणाची बाही धरणं बंद झालं. एकदा एका मुलीने मुद्दाम नवी ओढणी दाखवली, "मास्तर, हा रंग जाईल का?" ते म्हणाले, "मला विचारू नकोस, बाळ." गॅस बंद केला की नाही या धास्तीने त्यांनी स्वयंपाक सोडला, बिस्किटांवर राहायला लागले. वर्षाच्या आत त्यांची धाकटी बहीण त्यांना टिटवाळ्याला आपल्याकडे घेऊन गेली. खोली सोडताना त्यांनी स्वतःच तिला सांगितलं म्हणे, मला एकट्याला ठेवू नका, मी घर पेटवीन.

त्यांना काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं होतं. त्यांना फक्त ठाऊक नव्हतं की त्यांना काही झालेलं नाही. आणि मला ठाऊक होतं.

आमच्याकडे राख लावणं त्यानंतर बंद झालं. पाळकसाहेब बदलून गेले, नवे आले. मी सेक्रेटरी राहिलो.

सातव्या वर्षी उपासकाळात नव्या पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, यादी केली. त्या दिवशी आमच्यात वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात माणसं दहा-दहा मिनिटं बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा, प्रभूने मारणाऱ्यांसाठी बापाकडे मागितलेल्या क्षमेचा. तो माझ्या वाट्याला आला. मी दोन रविवार कागद घेऊन बसलो. त्या उद्गारात मारणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळत नाही, असं आहे. मला कळत होतं. पुढे एक ओळ लिहिता येईना. तिसऱ्या आठवड्यात पाळकसाहेबांना सांगितलं, माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी बघा. आणि शनिवारी दुपारी टिटवाळ्याला गेलो.

नव्या बिल्डिंगचा चौथा मजला. मास्तर गॅलरीजवळ खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. बहीण खाली बसून मेथी निवडत होती. "सेक्रेटरी आलेत, दादा," ती म्हणाली. "बसा हो. चहा टाकते जरा वेळाने."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"मास्तर, त्या वर्षी भाजली ती राख तुमची नव्हती."

"कुठली?"

"तुमची बरणी माझ्या हातून फुटली. मी दुसरी जाळली. कुणाला सांगितलं नाही."

बहिणीचे हात थांबले. मास्तरांनी विचारायला सुरुवात केली, कारखान्यात एखादा तागा बिघडल्यावर विचारत असतील तसं.

"किती वाजता जाळलीस?"

"साडेसहाला."

"उपासना सातला."

"हो."

"गाळलीस?"

"नाही."

"तेल?"

"नव्हतं. पाणी घातलं."

"थंड झाली होती?"

"कोमट होती."

"मग भाजणारच." ते मागे टेकले. "म्हणजे माझी धुतलेली होती."

"धुतलेली होती, मास्तर."

"सात पाण्यांनी."

"सात पाण्यांनी."

ते बहिणीकडे वळले. "ऐकलंस? मी धुतली होती."

ती उठली. साठीची बाई, कधी आवाज न चढवणारी. "अरे मेल्या," ती मला म्हणाली, "सात वर्षं या माणसाने गॅसला हात लावला नाही रे. रात्री उठून मला विचारतो, मी काही जाळलं का. मी कुठे दोन दिवस गेले नाही. माझ्या नातीच्या बारशाला गेले नाही. आणि तू ख्रिसमसला केक घेऊन यायचास!"

ते खरं होतं. दरवर्षी मी केक घेऊन जात होतो.

"मी वेडा होत चाललोय असं समजून बसलेलो," मास्तर म्हणाले. मला नाही, स्वतःशीच. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

"दादा, थांब, मी करते."

"तू बस."

आतून लायटरचा आवाज आला. दोनदा नुसताच, तिसऱ्यांदा पेटला. बहीण दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. पातेल्याचा आवाज, कपांचा आवाज. बऱ्याच वेळाने ते ट्रे घेऊन बाहेर आले. थोडा चहा बशीत सांडला होता. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि गॅस बंद केला का ते बघायला परत गेले नाहीत.

कप हातात घेतल्यावर मी विचारलं, "मास्तर, मला माफ कराल?"

त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा कठीण झाला. "ते मी देवाशी बोलेन. तू पत्ते काढ. अकराच्या अकरा."

मी म्हणालो, रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. ते नको म्हणाले. "माफी मी घरोघर मागितली. ती घरोघर जाऊनच परत घ्यायची. चर्चमध्ये सांगशील तर लोक तुझं कौतुक करतील, काय हिंमत आहे म्हणून. ते तुला मिळता कामा नये."

म्हणून आम्ही पुन्हा निघालो. स्कूटर केव्हाच विकली होती, रिक्षाने गेलो. या वेळी मी बोलायचो. ते शेजारी उभे राहायचे आणि मी काही गाळलं की कोपराने ढोसायचे. "पाण्याचं सांग. पाणी राहिलं."

लोकांना ते नको होतं. "जाऊ द्या हो, किती वर्षं झाली," असंच सगळे म्हणायचे. "आम्ही कुठे काय मनात ठेवलंय?" रेल्वे गार्डच्या सुनेने तर आम्हाला सरबत देऊन टीव्हीचा आवाज वाढवला. म्हातारे गार्ड वारले होते. या सगळ्यांसाठी ती एक जुनी गंमत होती, कपाळावरची लाली चार दिवसांत गेलेली. मास्तर मात्र ऐकायचे नाहीत. "नाही, नीट ऐकून घ्या," म्हणायचे, आणि मग राखेतला खार, लिटमस, आईच्या गोधड्या, सगळं पहिल्यापासून. पाचव्या घरापर्यंत ते पूर्वीसारखेच असह्य झाले होते. सहाव्या घरी त्यांनी सोफ्याचं कव्हर दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "हे जाईल." मी भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आवरेना.

ईस्टरनंतर ते बहिणीला सांगून पुन्हा कल्याणला खोली बघणार होते. खोली मिळण्याआधी, त्याच वर्षी ख्रिसमसच्या थोडं आधी, झोपेत गेले. सात वर्षांच्या बदल्यात त्यांना नऊ महिने मिळाले. देवाशी ते काय बोलले मला माहीत नाही. माफीचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

आमची दहा घरं झाली. अकरावं राहिलं. नर्सबाईंनी कल्याण सोडलं होतं. कोणी म्हणे नगरला गेल्या, कोणी म्हणे आखाती देशात नोकरीला. जुना नंबर लागत नाही. मी नगरच्या दोन मंडळ्यांना पत्रं घातली, त्यांच्याकडून काही कळलं नाही. मास्तर गेले त्याच्या आदल्या आठवड्यात भेटलो होतो, तेव्हाही त्यांनी पहिलं तेच विचारलं होतं, "ती पोरगी सापडली का?"

म्हणून हे छापायला देतो आहे. रूथ, आता तू चोविसाची असशील. तुझ्या कपाळावर डाग राहिला की गेला हे मला माहीत नाही. तुमच्या दारात माफी मागत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाने तुझं काहीही केलेलं नव्हतं. ते मी केलं, आणि ते बोलत असताना मी तुमच्या जिन्यात उभा राहून ऐकत होतो. तू मला उत्तर द्यावंस असं काही नाही. पण तुझी आई त्यांना म्हणाली होती, तुम्हाला कळू नये? ते तिला आठवत असेल. तिला एवढं सांग, की मास्तरांना कळत होतं.